वाचकांचे प्रश्न : कंट्री-रॉकचा पाया आणि फ्लाइंग बरिटो ब्रदर्स

गेल्या अंकात अमेरिकी गायक जिम रीव्ह्ज यांच्या गाण्यांविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' या अमेरिकी बँडचा उल्लेख आला होता. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेले संगीत आणि ईगल्ससारख्या बँडचे रॉक यांच्यामधला तो दुवा आहे, असे तेथे एका वाक्यात म्हटले होते. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात वडिलांसाठी जिम रीव्ह्ज लागतात आणि मुलासाठी ईगल्स. या दोघांना जोडणारा बँड खरोखर एवढा महत्त्वाचा असेल, तर त्याचे नाव आमच्यापैकी कोणीच कसे ऐकले नाही?
– एक वाचिका, म्हापसा

उत्तर : त्यात आश्चर्य नाही. त्यांच्या स्वतःच्या देशातही त्यांना फारसे कोणी विकत घेतले नव्हते. फेब्रुवारी १९६९ मध्ये ए अँड एम कंपनीने काढलेली त्यांची पहिली तबकडी, 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन', 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १६४ व्या क्रमांकाच्या वर कधी गेलीच नाही.

ही तबकडी त्या काळी कोणासाठी होती, हा प्रश्न तिच्या विक्रेत्यांनाही पडला असावा. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कंट्री ऐकणारा आणि रॉक ऐकणारा हे दोन वेगळे श्रोते होतेच, शिवाय व्हिएतनामचे युद्ध, केसांची लांबी, चर्च आणि दारू-गांजा या प्रत्येक बाबतीत ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. लांब केसांच्या तरुणाला कंट्री म्हणजे आपल्या प्रतिगामी काकांचे संगीत वाटे, आणि कंट्रीचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या श्रोत्याला रॉक वाजवणारे तरुण म्हणजे आपल्या देवाधर्माची चेष्टा करणारे लोक वाटत. अशा वेळी दोघांनाही एकाच गाण्यात आणून बसवणे म्हणजे दोघांकडूनही नकार मिळण्याची सोय करून ठेवणे होते.

मात्र आपल्या वडिलांच्या आवडीपासून या बँडपर्यंत सरळ रस्ता जात नाही, हेही सांगायला हवे. जिम रीव्ह्ज हे 'नॅशव्हिल साउंड'चे प्रतिनिधी होते. मखमली आवाज, मागे व्हायोलिनांचा ताफा आणि मंद कोरस, असे ते संगीत होते. बरिटोंना यापेक्षा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्ड गावातले बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड अधिक जवळचे होते. तीसच्या दशकातल्या दुष्काळात ओक्लाहोमा-टेक्सासकडून कॅलिफोर्नियात आलेल्या शेतमजुरांच्या वस्त्यांमध्ये आणि मद्यगृहांमध्ये ते संगीत वाढले होते. त्यात व्हायोलिनांचा मुलायमपणा नव्हता, तर विजेवरच्या गिटारचा खणखणाट होता. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या तरुणांना कंट्री शोधण्यासाठी दोन हजार मैल दूर नॅशव्हिलला जाण्याची गरज नव्हती.

प्रश्न : या बँडचे संस्थापक आधी 'द बर्ड्स' या रॉक बँडमध्ये होते आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत गायला नकार देऊन ते बाहेर पडले, असे वाचनात आले. हे खरे आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : अर्धे खरे आहे. संस्थापक दोघे होते, आणि दोघे वेगवेगळ्या कारणांनी बाहेर पडले.

क्रिस हिलमन हे 'द बर्ड्स'चे पहिल्यापासूनचे बास गिटारवादक. त्यापूर्वी ते कॅलिफोर्नियातल्या ब्लूग्रास (कंट्रीचा तंतुवाद्यप्रधान प्रकार) वाजवणाऱ्या मंडळींबरोबर मँडोलिन वाजवत असत, त्यामुळे कंट्री त्यांच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. ग्रॅम पार्सन्स यांचा जन्म १९४६ साली फ्लॉरिडात झाला आणि बालपण जॉर्जिया राज्यातील वेक्रॉस येथे गेले. त्यांच्या आजोळच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि घरात पैसा भरपूर होता. हार्वर्ड विद्यापीठात थोडे दिवस काढून ते संगीताकडे वळले आणि 'इंटरनॅशनल सबमरीन बँड'च्या एका तबकडीनंतर १९६८ च्या आरंभी 'द बर्ड्स'मध्ये दाखल झाले.

त्यांच्या आगमनानंतर काही आठवड्यांतच तो बँड नॅशव्हिलला गेला. १५ मार्च १९६८ रोजी तेथील रायमन सभागृहातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या मानाच्या कार्यक्रमात ते गायले. ठरवून दिलेल्या गाण्याऐवजी पार्सन्स यांनी ऐन वेळी आजीला अर्पण करून स्वतःचेच गाणे सुरू केल्यामुळे आयोजक नाराज झाले. त्या दौऱ्यात सुरू झालेली 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही तबकडी ऑगस्टमध्ये बाजारात आली, तेव्हा पार्सन्स बँडमध्ये नव्हते. जुलैमध्ये लंडनहून बँड दक्षिण आफ्रिकेला निघाला असता त्यांनी जाण्यास नकार दिला होता. कारण वर्णभेदाचेच सांगितले होते. त्यामागे रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्स यांच्या सहवासात लंडनमध्ये राहण्याची ओढ किती होती, याविषयी हिलमन यांनी पुढे अनेकदा कडवट शंका व्यक्त केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि माझ्या मते तसेच असावे. हिलमन दौऱ्यावर गेले, परतले आणि त्याच वर्षी पैशांच्या हिशेबावरून झालेल्या भांडणानंतर बँडमधून बाहेर पडले.

लंडनच्या प्रकरणावरून पार्सन्सवर चिडलेल्या हिलमन यांनी काही महिन्यांतच त्यांच्याशी जुळवून घेतले. दोघे लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात एका घरात राहू लागले. दोघांचेही संसार नुकतेच मोडले होते. सकाळी उठून गाणी लिहायची, असा त्यांचा क्रम होता, आणि त्या काळात पार्सन्स यांनी जेवढ्या शिस्तीने काम केले तेवढे पुढे कधीच केले नाही, अशी आठवण हिलमन सांगतात. बँडचे विनोदी नाव मात्र त्यांचे नव्हे. पार्सन्स यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी आधी वापरलेले नाव त्यांनी उचलले.

प्रश्न : मी हवाईयन गिटार वाजवतो. या बँडमध्ये जी 'पेडल स्टील' ऐकू येते, ती हीच का? आणि तिचे एवढे कौतुक कशासाठी?
– एक वादक, मडगाव

उत्तर : या सदराकडे आलेल्या प्रश्नांमधला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बरिटोंविषयी लिहिणारे बहुतेक लोक गायकावर पाने खर्च करतात आणि वाद्याला एका ओळीत आटोपतात.

दोन्ही वाद्यांचे मूळ एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याची पद्धत रूढ झाली आणि तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. तेथून ती एकीकडे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली आणि दुसरीकडे आपल्याकडे आली. हवाईचे टाऊ मो हे कलावंत चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत असत. पुढे व्हॅन शिप्ली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवर आपण हिंदी चित्रपटगीते याच वाद्यावर ऐकली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग वाजवले.

फरक येथून पुढे पडतो. आपल्या गिटारच्या तारा एकदा जुळवल्या की कांडी सरकवून तीन तारांवरचा स्वरमेळ वर किंवा खाली नेता येतो, पण तो सगळाच्या सगळा सरकतो, त्याची आतली घडण बदलत नाही. अमेरिकेत वाद्याला चार पाय दिले आणि पायाखाली पेडल व गुडघ्याशी तरफा बसवल्या. पेडल दाबले की ठरावीक तार तेवढी ताणली जाते आणि बाकीच्या तारा जागेवर राहतात. म्हणजे तीन स्वर एकत्र वाजत असताना दोन स्थिर राहतात आणि तिसऱ्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघते. आपल्या संगीतात मींड एकाच स्वररेषेवर असते. इथे ती स्वरमेळाच्या पोटात घेतली जाते, आणि कंट्री गाण्यात हुंदका दाटून आल्यासारखे जे वाटते, त्याचे तांत्रिक कारण एवढेच आहे. वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी हा प्रकार वाजवला आणि त्यानंतर नॅशव्हिलचा प्रत्येक स्टीलवादक पेडलांच्या मागे लागला.

बरिटोंचे स्टीलवादक पीट क्लाइनो हे 'स्नीकी पीट' या नावाने ओळखले जात. १९३४ साली जन्मलेले क्लाइनो बँडमधल्या इतरांपेक्षा बरेच मोठे होते आणि दिवसा ते बाहुल्या कणाकणाने हलवून चलच्चित्रे बनवण्याचे काम करीत. 'गंबी' या मुलांच्या मालिकेवर त्यांनी काम केले होते, आणि बँड संपल्यावर ते पुन्हा चित्रपटांच्या विशेष दृश्यांकडे वळले. नॅशव्हिलच्या वादकांची नेहमीची जुळवणी त्यांनी वापरली नाही. आठ तारांच्या फेंडर वाद्यावर त्यांनी वेगळीच जुळवणी ठेवली आणि त्याचा आवाज रॉक गिटारवादकांच्या फझ यंत्रातून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून, काढला. हे करण्यामागे गरजही होती. पहिल्या तबकडीच्या वेळी हिलमन आणि पार्सन्स ठेक्याची गिटार धरत, क्रिस एथ्रिज बास वाजवत, आणि मुख्य गिटारवादक म्हणून बँडमध्ये कोणीच नव्हते. त्यामुळे रॉकमध्ये जी जागा गिटारची असते ती क्लाइनो यांनी स्टीलने भरून काढली. एका गाण्यात ती रडते, पुढच्या गाण्यात ऑर्गनसारखी घुमते आणि आणखी एका गाण्यात अक्षरशः गुरगुरते. पेडल स्टीलला कंट्रीच्या चौकटीबाहेर काढणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या काहींत घ्यावे लागेल.

प्रश्न : तबकडीवरच्या छायाचित्रात या लोकांनी सर्कशीतले कपडे का घातले आहेत?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ते कपडे हॉलिवूडचे शिंपी न्यूडी कोन यांच्या दुकानातले आहेत आणि त्यांवरचे काम मॅन्युएल क्वेव्हास यांनी केले. कंट्री गायक चमचमत्या भरतकामाचे असे सूट मिरवीत असत, आणि त्यांवर गाडीची चाके, निवडुंग किंवा घोड्याचे नाल असत. पार्सन्स यांनी आपल्या पांढऱ्या सुटावर गांजाची पाने, अफूची बोंडे आणि गोळ्या भरून घेतल्या. जुन्या परंपरेचा गणवेश घालायचा आणि त्यावर नव्या पिढीची व्यसने कोरायची, हा बँडचा सगळा जाहीरनामा त्या कापडावर होता. छायाचित्र कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात घेतले आहे. मला तो विनोद गाण्यांइतका टिकाऊ वाटत नाही.

प्रश्न : कंट्री हे गोऱ्यांचे संगीत मानले जाते. मग या बँडने पहिल्याच तबकडीत कृष्णवर्णीय गायकांची गाणी का घेतली?
– एक शिक्षक, फोंडा

उत्तर : आपला रोख ज्या दोन गाण्यांवर आहे, त्यांतले एक १९६७ साली अरीथा फ्रँकलिन यांनी आणि दुसरे त्याच सुमारास जेम्स कार यांनी लोकप्रिय केले होते. पण दोन्ही गाणी लिहिणारे डॅन पेन आणि चिप्स मोमन हे दक्षिणेतले गोरे तरुण होते. म्हणजे गोऱ्यांनी लिहिलेली गाणी कृष्णवर्णीयांनी गायली आणि तेथून ती पुन्हा गोऱ्यांच्या बँडकडे आली. कंट्रीचे आदिपुरुष मानले जाणारे हँक विल्यम्स लहानपणी रुफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून गिटार शिकले होते, आणि १९६२ साली कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी कंट्री गाण्यांची अख्खी तबकडी काढून ती प्रचंड खपवली होती. दुकानात कप्पे वेगळे होते, गाणाऱ्यांच्या कानात नव्हते. पार्सन्स आपल्या संगीताला कंट्री-रॉक म्हणायला तयार नसत. त्यांचा शब्द 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' असा होता. शब्द भारदस्त आहे, पण त्यामागचा विचार पहिल्या तबकडीतल्या या दोन गाण्यांत प्रत्यक्ष ऐकू येतो.

दोघांनी मिळून लिहिलेल्या 'सिन सिटी'कडे मी विशेष लक्ष वेधीन. वरवर ऐकता ते पापाच्या नगरीवर देवाचा कोप होणार असे बजावणारे खेड्यातल्या चर्चचे भजन वाटते. पण त्यातल्या एकतिसाव्या मजल्यावरचा सोन्याचा दरवाजा हा 'द बर्ड्स'च्या माजी व्यवस्थापकाच्या घराचा आहे, शहर स्वच्छ करायला आलेला मित्र म्हणजे जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ज्यांची हत्या झाली ते रॉबर्ट केनेडी आहेत, आणि भूकंपाची भीती तर त्या शहराला कायमचीच आहे. जुन्या सुरावटीत कालपरवाचा संताप बसवण्याची ही हातोटी पुढच्या कितीतरी गीतकारांनी उचलली.

प्रश्न : एवढे गुण असताना बँड टिकला का नाही?
– एक वाचक, वास्को

उत्तर : रंगमंचावर ते चांगले वाजवत नसत, हे पहिले कारण. पहिल्या तबकडीच्या वेळी त्यांच्याकडे कायमचा ड्रमवादकही नव्हता. नंतर 'द बर्ड्स'चेच मायकेल क्लार्क आले. १९६९ च्या आरंभीचा दौरा पार्सन्स यांना विमानाची भीती असल्यामुळे आगगाडीने झाला, आणि त्यात तालमीपेक्षा पत्ते आणि नशा यांना अधिक वेळ मिळाला. एथ्रिज सोडून गेले, हिलमन बासवर परतले आणि बर्नी लेडन गिटारवर आले. ६ डिसेंबर १९६९ रोजी आल्टमाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या ज्या जलशात एका प्रेक्षकाचा भोसकून खून झाला, तेथे दुपारी बरिटोही वाजवून गेले होते.

दुसरे कारण पार्सन्स यांचे उत्पन्न. घरच्या विश्वस्त निधीतून पैसे येत असल्यामुळे त्यांना कार्यक्रम चुकल्याची झळ बसत नसे, बाकीच्यांना बसे. १९७० साली निघालेली दुसरी तबकडी 'बरिटो डिलक्स' घाईची आणि पातळ आहे. तिच्यातले एकच गाणे इतिहासात उरले, तेही स्टोन्सचे : 'वाइल्ड हॉर्सेस'. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांचे हे गाणे स्टोन्सच्या स्वतःच्या तबकडीवर येण्याच्या वर्षभर आधी बरिटोंनी प्रसिद्ध केले. जून १९७० मध्ये हिलमन यांनी पार्सन्स यांना बँडमधून काढून टाकले. त्यांच्या जागी रिक रॉबर्ट्स आले आणि बँड रंगमंचावर पूर्वीपेक्षा बराच बरा वाजवू लागला, पण नवी गाणी पूर्वीच्या तोडीची राहिली नाहीत.

प्रश्न : मग प्रभाव पडला तो कोणावर आणि कसा? पार्सन्स यांच्या मृत्यूमुळे ही दंतकथा फुगवली गेली, असे म्हणता येईल का?
– एक वाचिका, साखळी

उत्तर : काही प्रमाणात म्हणता येईल. १९ सप्टेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री येथे एका मोटेलमध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी पार्सन्स वारले, आणि तरुण मेलेल्या गायकाभोवती जमते ते सगळे त्यांच्याभोवतीही जमले. त्यात हिलमन यांचे निम्मे लेखन आणि क्लाइनो यांचा सगळा आवाज झाकला गेला. गाण्यांच्या श्रेयनामावलीत हिलमन यांचे नाव स्पष्ट छापलेले असूनही ती गाणी 'ग्रॅम पार्सन्सची गाणी' म्हणून सांगितली जातात, याला मी अन्याय म्हणतो.

परंतु प्रभाव काल्पनिक नाही. तो माणसांमार्फत पसरला, म्हणून विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. बर्नी लेडन १९७१ मध्ये बरिटो सोडून ग्लेन फ्राय, डॉन हेन्ली आणि रँडी माइझनर यांना मिळाले आणि ईगल्स उभा राहिला. पहिल्याच गाजलेल्या गाण्यातला बँजो लेडन यांचा आहे. त्याच बँडची १९७१ ते १९७५ च्या गाण्यांची संकलित तबकडी पुढे अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत जाऊन बसली. आपल्या म्हापशाच्या वाचिकेच्या घरातला दुवा तो हा. ईगल्सने बरिटोंचा खडबडीतपणा तासून काढला, सुरांची मांडणी काटेकोर केली आणि रोजच्या रोज तालीम केली. ज्यांना तो तासलेला गुळगुळीतपणा आवडत नाही त्यांच्यात मीही आहे, पण या तिन्ही गोष्टी बरिटोंनी केल्या असत्या तर त्यांचे नशीब वेगळे असते.

दुसरी वाट गायिका एमिलू हॅरिस यांची. वॉशिंग्टनमधल्या एका क्लबात त्यांना गाताना ऐकून हिलमन आणि रॉबर्ट्स यांनी पार्सन्स यांना ही बातमी दिली. पार्सन्स यांच्या शेवटच्या दोन तबकड्यांत त्या त्यांच्याबरोबर गायल्या, आणि त्यांच्या पश्चात तेच संगीत त्यांनी खुद्द नॅशव्हिलच्या दरबारात मानाने नेऊन बसवले. ब्रिटिश गायक एल्व्हिस कोस्टेलो यांनी १९८१ मध्ये कंट्री गाण्यांची तबकडी काढताना बरिटोंचे गाणे घेतले. स्वतः हिलमन ऐंशीच्या दशकात 'डेझर्ट रोज बँड' घेऊन कंट्रीच्या याद्यांत वरच्या क्रमांकांवर झळकले. १९९३ साली नॅशव्हिलच्या नामवंत गायकांनी ईगल्सच्या गाण्यांची एक तबकडी काढली, आणि तिला पुढच्या वर्षी कंट्री संगीत संघटनेचा सर्वोत्तम तबकडीचा पुरस्कार मिळाला.

हेच पहिले होते, असे मात्र म्हणू नये. बॉब डिलन त्यांच्या आधी नॅशव्हिलला जाऊन आले होते, डिलार्ड अँड क्लार्क ही जोडी त्यांच्याच सुमारास वाजवत होती, आणि 'पोको' या बँडची पेडल स्टीलसहित पहिली तबकडी बरिटोंनंतर काही महिन्यांतच आली. ईगल्सला बासवादक पुरवण्याच्या बाबतीत तर पोको बरिटोंच्याही पुढे होता : आधी माइझनर, नंतर टिमोथी श्मिट.

प्रश्न : आम्ही लग्नांत आणि फेस्तांना वाजवणारा पाच जणांचा बँड आहोत. पेडल स्टील नसताना यातले काही बसवता येईल का?
– एक वादक, कुंकळ्ळी

उत्तर : येईल, आणि 'सिन सिटी'पासूनच सुरुवात करावी. चाल संथ आहे, आणि गाणे दोन आवाजांनी उभे राहते. मांडो हे गोव्याचे पारंपरिक गीत गाताना आपल्याकडे दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने बरोबर चालतो, त्यामुळे आपल्या गायकांचा कान या कामाला आधीच तयार असतो. फक्त इथे वरचा आवाज सौम्य ठेवू नये. लुव्हिन बंधूंसारख्या जुन्या कंट्री जोडगोळ्यांत तो काहीसा टोकदार आणि ताणलेला असतो, आणि हिलमन-पार्सन्स यांनी तोच नमुना समोर ठेवला होता.

स्टीलची जागा व्हायोलिनने भरावी. चर्चच्या संगीतशाळेत शिकलेला वादक असेल तर त्याला दोन तारा एकदम वाजवायला सांगावे. एका तारेवरचा स्वर दाबून ठेवायचा आणि दुसरीवरचे बोट एक स्वर खालून सावकाश वर आणायचे. गिटारवर करायचे असल्यास पहिली तार स्थिर धरून दुसरी बोटाने ताणावी. 'द बर्ड्स'चे पुढचे गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट यांनी नेमके याच कामासाठी आपल्या सहकाऱ्याकडून, खांद्यावरच्या पट्ट्याला झटका दिला की दुसरी तार ताणली जाईल, असे यंत्र गिटारच्या पोटात बसवून घेतले होते. कीबोर्डवर 'स्टील गिटार' नावाचे बटण असते, ते मात्र दाबू नये. त्यात सगळे स्वर एकदम सरकतात.